एकच ‘ना’, अनेक भाषा आणि वेगवेगळे अर्थ

प्रश्न असा आहे की, मराठीत नकारही देणारा आणि विनवणीही करणारा ‘ना’ हा एवढासा शब्द रशियन, स्वाहिली, जपानी, ग्रीक, हिब्रू, हवाईयन अशा एकमेकींपासून फार दूरच्या भाषांतही आढळतो, मात्र प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा असतो. मग हे सगळे ‘ना’ मुळात एकच आहेत का? नसतील, तर इतक्या ठिकाणी नेमका हाच उच्चार का यावा? आणि एका अक्षरावर इतके अर्थ येऊन पडले, तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ का होत नाही? कोशरचना आणि भाषांतर या दोन्ही कामांत अशा एकाक्षरी शब्दांशीच माझा सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून थोडे विस्ताराने उत्तर देतो.

आधी थोडक्यात सांगायचे तर, नकार दाखवणारा ‘न’ किंवा ‘ना’ संस्कृत, मराठी, हिंदी, बंगाली, फारसी आणि युरोपातील बऱ्याच भाषांमध्ये खरोखर एकाच मुळाचा आहे. बाकीचे बहुतेक ‘ना’ आपापल्या भाषेत स्वतंत्रपणे घडलेले आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. यातला कोणता ‘ना’ कोणत्या प्रकारचा आहे, हे केवळ उच्चार ऐकून कधीच सांगता येत नाही. शब्द जितका आखूड, तितकी त्याच्या अर्थाची जबाबदारी वाक्यातल्या त्याच्या जागेवर अधिक पडते.

हा पसारा किती मोठा आहे ते पाहू. रशियन, पोलिश, चेक या भाषांत ‘ना’ म्हणजे ‘वर’. रशियनमधील ‘ना स्तोल्ये’ याचा अर्थ ‘टेबलावर’. त्याच रशियनमध्ये हात पुढे करून नुसते ‘ना’ म्हटले, तर ‘हे घे’ असा अर्थ होतो. स्वाहिलीत ‘ना’ म्हणजे ‘आणि’ किंवा ‘सह’, त्यामुळे ‘बाबा ना मामा’ म्हणजे वडील आणि आई. पोर्तुगीजमध्ये ‘ना’ म्हणजे स्त्रीलिंगी नामापूर्वी येणारे ‘मध्ये’. तेलुगूत ‘ना’ म्हणजे ‘माझा, माझी, माझे’, तर शेजारच्या तमिळच्या ग्रांथिक रूपात ‘ना’ म्हणजे जीभ. कोरियनमध्ये ‘ना’ म्हणजे ‘मी’. अरबीत शब्दाच्या शेवटी जोडलेला ‘ना’ म्हणजे ‘आमचा’ किंवा ‘आम्हाला’. जपानीत ‘ना’ या नामाचा एक अर्थ ‘नाव’ आहे, आणि क्रियापदामागे आलेला ‘ना’ मनाई करतो: ‘इकु ना’ म्हणजे ‘जाऊ नकोस’. ग्रीकमध्ये ‘थेलो ना पाओ’ म्हणजे ‘मला जायचे आहे’, आणि त्यातला ‘ना’ दोन क्रियापदांना जोडण्यापुरताच आहे. संस्कृत शिकलेल्यांना ‘नृ’ शब्दाची ‘ना, नरौ, नरः’ ही रूपे आठवतील. तेथे ‘ना’ म्हणजे चक्क ‘पुरुष’.

इतक्या भाषांत हाच उच्चार का, याचे पहिले कारण अगदी साधे गणिती आहे. एक व्यंजन आणि त्यामागे एक स्वर ही अक्षराची रचना जगातल्या जवळपास सर्व भाषांत सापडते. ‘न’सारखे नासिक्य व्यंजन आणि ‘आ’च्या जवळचा स्वर नसलेली भाषा फार विरळा. जगात सुमारे सात हजार भाषा मोजल्या जातात, आणि प्रत्येक भाषेला अशा एकाक्षरी रूपांतूनच आपले सर्वांत जास्त वापरले जाणारे शब्द निवडावे लागतात. हवाईयन भाषेत व्यंजने फक्त ८ आणि मूळ स्वर ५ आहेत. म्हणजे ऱ्हस्व स्वर धरले, तर व्यंजन आणि स्वर मिळून होणारी अक्षरे जास्तीत जास्त ४०. मँडरिन चिनीत सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, बाजूला ठेवले, तर वेगळी अक्षरे सुमारे ४०० आहेत आणि सूर धरून ती साधारण १,३०० होतात. सांगायच्या गोष्टी अगणित आणि आखूड उच्चार मोजके, असे असताना तोच उच्चार पुन्हा पुन्हा कामाला लागणे अपरिहार्य आहे.

दुसरे कारण वापराशी जोडलेले आहे. जो शब्द वारंवार लागतो तो आखूड असतो, हे निरीक्षण अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज किंग्स्ली झिफ यांनी १९३०च्या दशकात आकडेवारीसह मांडले, आणि त्यानंतर अनेक भाषांवर ते पडताळले गेले आहे. नकार, ‘आणि’, ‘मी’, ‘वर’, ‘हे’ या अर्थांवाचून एक परिच्छेदही पुरा होत नाही, त्यामुळे हे अर्थ सांगणारे शब्द झिजत झिजत एका अक्षरापर्यंत येतात. स्वतंत्र अर्थाचा शब्द झिजून व्याकरणाचा भाग बनण्याच्या या प्रक्रियेला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९१२मध्ये नाव दिले. मराठीत आपण तिला व्याकरणीकरण म्हणतो. आधुनिक ग्रीकमधला ‘ना’ हा प्राचीन ग्रीकमधील ‘हिना’ या शब्दाचा उरलेला अर्धा भाग आहे. पोर्तुगीज ‘ना’ हा ‘एम’ हे अव्यय आणि ‘आ’ हे स्त्रीलिंगी उपपद यांचा जोड आहे. स्वाहिलीत वर्तमानकाळ दाखवण्यासाठी क्रियापदाच्या पोटात जो ‘ना’ येतो, जसे ‘निनासोमा’ म्हणजे ‘मी वाचतो आहे’, तोही ‘सह’ या अर्थाच्या ‘ना’पासूनच घडला असावा, असे मानले जाते. वाचनासह असणे म्हणजे वाचत असणे, हा त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे, कारण स्वाहिलीत ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ हेही ‘मी-सह पुस्तक’ अशाच रचनेत सांगतात.

ही झीज शब्द आखूड झाला की संपत नाही. फ्रेंचमध्ये नकाराचा मूळ शब्द एकटाच पुरेसा होता. पुढे तो उच्चारात इतका पुसट झाला की, त्याच्या आधाराला ‘पाऊल’ या अर्थाचा ‘पा’ जोडला जाऊ लागला, म्हणजे ‘एक पाऊलही चालत नाही’ अशा प्रकारची रचना रूढ झाली. आजच्या बोलीत मूळ नकार बहुतेक वेळा गळून पडतो आणि ‘पाऊल’च एकटे नकार देते. इंग्रजी ‘नॉट’ हाही ‘काहीसुद्धा नाही’ अशा अर्थाच्या एका लांब जोडशब्दाचा झिजलेला अवशेष आहे. नकाराच्या या चक्राकडे डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९१७मध्ये लक्ष वेधले, आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

आता उच्चाराविषयी. वर मी सगळीकडे ‘ना’ असे लिहिले खरे, पण ही देवनागरीने केलेली सोय आहे आणि ती थोडी फसवी आहे. मँडरिनमध्ये चढत्या सुरातला ‘ना’ म्हणजे ‘घेणे’, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरातला ‘कोणता’ आणि उतरत्या सुरातला ‘तो, ते’. शेवटच्या दोहोंतला फरक चुकला, तर प्रश्नाचे उत्तर होते आणि उत्तराचा प्रश्न. थाई भाषेत सम सुरातला ‘ना’ म्हणजे भाताचे शेत, चढत्या सुरात ‘जाड’, उतरत्या सुरात ‘चेहरा’, आणि उंच सुरात आईचे धाकटे भावंड. थाई माणसाला हे चार वेगळे शब्द वाटतात. ‘पळ’ आणि ‘फळ’ हे एकच शब्द आहेत असे आपल्याला कोणी सांगितले, तर आपल्याला जितके चमत्कारिक वाटेल, तितकेच त्यालाही वाटते. फारसीतला नकार आखूड स्वराचा आहे, म्हणजे तो आपल्या ‘ना’पेक्षा ‘न’ला जवळचा. रोमन लिपीत तर ऱ्हस्व, दीर्घ आणि सूर हे सगळे भेद बहुधा लिहिलेच जात नाहीत, त्यामुळे इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘एक शब्द, पन्नास अर्थ’ अशा याद्यांतली निम्मी साम्ये केवळ लिपीने निर्माण केलेली असतात. अशा याद्या वाचताना पहिली शंका उच्चाराचीच घ्यावी.

तरीही काही साम्ये अशी आहेत की, उच्चार आणि अर्थ दोन्ही जुळतात, आणि खरा मोह तेथेच होतो. आयरिशमध्ये अनेकवचनी नामापूर्वी ‘ना’ हे उपपद येते: ‘ना फिर’ म्हणजे ‘ते पुरुष’. हवाईयनमध्येही अनेकवचनी नामापूर्वी ‘ना’ हेच उपपद येते: ‘ना हाले’ म्हणजे ‘ती घरे’. एक भाषा अटलांटिकच्या काठावरची आणि दुसरी पॅसिफिकच्या मधोमध. दोघींच्या कुळांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पोर्तुगीज माणूस वाक्याच्या शेवटी ‘ने?’ म्हणतो तेव्हा तो ‘नाव ए?’ म्हणजे ‘नाही का?’ याचा संक्षेप असतो. जपानी माणूसही वाक्याच्या शेवटी ‘ने’ म्हणतो, त्याच सुरात, त्याच हेतूने, आणि त्याचा पोर्तुगीजशी काडीचाही संबंध नाही. जपानीत नावाला ‘नामाए’ म्हणतात, म्हणून ते आपल्या ‘नाम’शी जोडण्याचा प्रयत्न वारंवार होतो; पण ‘नामाए’ हा ‘ना’ म्हणजे नाव आणि ‘माए’ म्हणजे पुढचा भाग या दोन शब्दांचा जोड आहे. ‘नाम’मधला ‘म’ आणि ‘नामाए’मधला ‘म’ यांची मुळेच वेगळी असल्यामुळे साम्याचा सर्वांत आकर्षक भाग गळून पडतो.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटणारे साम्य हिब्रूशी आहे. बायबलमधील गणना या पुस्तकात मोशे आपल्या आजारी बहिणीसाठी देवाकडे जी प्रार्थना करतो, ती मूळ हिब्रूत फक्त पाच शब्दांची आहे: ‘एल ना रेफा ना ला’. यातला ‘एल’ म्हणजे देव, ‘रेफा’ म्हणजे बरे कर, ‘ला’ म्हणजे तिला, आणि दोन्ही ‘ना’ केवळ काकुळतीचे. ‘देवा, बरं कर ना तिला’ असे मराठीत म्हटले, तर ‘ना’चा शब्दशः तोच उपयोग होतो, आणि मराठी कान असलेल्याला ही प्रार्थना शब्दकोशाशिवाय जवळची वाटते. ती जवळीक खरी आहे. मात्र नाते नाही. हिब्रू सेमिटिक कुळातली, मराठी इंडो-युरोपीय कुळातली, आणि विनवणीच्या या दोन ‘ना’ना जोडणारा कोणताही ऐतिहासिक दुवा नाही.

या मुद्द्यावर मी आग्रही आहे, कारण आखूड शब्दांच्या साम्यावर भाषांची नाती उभारण्याची चूक विद्वानांच्या हातूनही झालेली आहे. कोरियनमध्ये ‘ना’ म्हणजे मी, आणि कन्नड बोलीतही ‘नानु’चे आखूड रूप ‘ना’ म्हणजे मी. अशा प्रकारच्या साम्यांच्या आधारे विसाव्या शतकाच्या आरंभी होमर हल्बर्ट या अमेरिकन मिशनऱ्यांनी कोरियन आणि द्राविड भाषांचे तुलनात्मक व्याकरण लिहिले. आजचे भाषाशास्त्र हे नाते मान्य करत नाही. नाते सिद्ध होण्यासाठी एका भाषेतल्या ध्वनीच्या जागी दुसऱ्या भाषेत ठरावीक ध्वनी येणे, आणि तसे अनेक शब्दांत नियमाने घडणे, आवश्यक असते. दिसण्यातले साम्य त्यात बिनमहत्त्वाचे ठरते. आर्मेनियन भाषेत दोनला ‘एर्कू’ म्हणतात. संस्कृत ‘द्वौ’ किंवा लॅटिन ‘दुओ’शी त्याचे एकही अक्षर जुळत नाही. तरीही हे शब्द सख्खे आहेत, कारण मूळ ‘द्व’च्या जागी आर्मेनियनमध्ये ‘एर्क’ येतो, हे ‘लांब’ या अर्थाच्या ‘एर्कार’सारख्या इतर शब्दांवरूनही दाखवता येते. ‘ना’मध्ये एक व्यंजन आणि एक स्वर, त्यावर नियम तपासायला जागाच उरत नाही. संस्कृत, फारसी आणि रशियन भाषांतले नकार एकाच मुळाचे आहेत हे आपण खात्रीने म्हणतो, तेही त्या भाषांतल्या शेकडो लांब शब्दांनी नाते आधीच सिद्ध केले आहे म्हणून.

एकच मूळ आणि निव्वळ योगायोग यांखेरीज साम्याला उसनवारीचा तिसरा मार्गही असतो, पण आखूड व्याकरणिक शब्दांच्या बाबतीत तो तुलनेने कमी चालतो. मराठीतला जोडणारा ‘व’ फारसीतून आला असे मानले जाते. ‘ना’च्या बाबतीत मात्र उसनवारीने फारसे काही उलगडत नाही.

आता प्रश्नाचा तो भाग, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो: गोंधळ का होत नाही? याचे उत्तर आपल्याच परंपरेत फार पूर्वी दिले गेले आहे. यास्काचार्यांनी निरुक्त या वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात निपातांचा, म्हणजे ‘च’, ‘वा’, ‘न’ यांसारख्या छोट्या अव्ययांचा, विचार करताना ‘न’ घेतला आहे. लौकिक भाषेत तो निषेधार्थी आहे, पण वेदात त्याला निषेध आणि उपमा असे दोन्ही अर्थ आहेत, असे ते सांगतात. ‘नेन्द्रं देवममंसत’ म्हणजे ‘त्यांनी इंद्राला देव मानले नाही’. येथे ‘न’ निषेधाचा आहे. ‘दुर्मदासो न सुरायाम्’ म्हणजे ‘सुरा पिऊन मदमत्त झालेल्यांप्रमाणे’; येथे तोच ‘न’ उपमेचा आहे. दोन परस्परांपासून इतके दूर असलेले अर्थ वेगळे कसे ओळखायचे, याचा नियमही यास्क लगेच देतात: निषेध करणारा ‘न’ ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी येतो, आणि उपमा देणारा ‘न’ ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर येतो. अक्षर तेच राहते आणि जागा अर्थ ठरवते. इतक्या कमी शब्दांत इतके नेमके निरीक्षण क्वचितच वाचायला मिळते, आणि आखूड शब्दांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ते मुळातून वाचावे असे मला मनापासून वाटते.

मराठी हेच करते, फक्त आपल्याला ते जाणवत नाही. आज्ञार्थी क्रियापदामागे ‘ना’ आला की विनवणी होते: ‘ये ना’, ‘बस ना’. ‘येई, पडे, उघडे’ अशा रूपांना तो जोडून आला की नकार होतो, आणि तोही साधा नकार नव्हे, तर प्रयत्न करूनही किंवा वाट पाहूनही न घडण्याचा: ‘तो येईना’, ‘पाऊस पडेना’, ‘दार उघडेना’. पूर्ण झालेल्या विधानामागे तो खात्री मागतो: ‘दार उघडलं ना?’ नामापूर्वी जोडीने आला, तर दोन्ही बाजूंनी नकार: ‘ना घर, ना दार’. कर्त्यामागे आला, तर ऐकणाऱ्याचे लक्ष वेधतो: ‘मी ना, उद्या येणार नाही’. आणि ‘माझी ना नाही’ या वाक्यात तो सरळ स्त्रीलिंगी नाम होऊन बसतो. ‘ये ना’ आणि ‘येईना’ यांत एक बोलावणे आहे आणि एक निराशा. तरीही मराठी मूलसुद्धा त्यांत चुकत नाही, कारण ‘ना’ कानावर येण्यापूर्वीच आधीच्या क्रियापदाने त्याचा अर्थ ठरवून ठेवलेला असतो.

परक्या भाषेत मात्र हा आधार नसतो, आणि तेथे एकाक्षरी शब्द खरोखर अडचणीत आणतात. ‘ने’ हे त्याचे सर्वांत व्यवहारी उदाहरण आहे. बल्गेरियनमध्ये ‘ने’ म्हणजे ‘नाही’, आणि सीमेपलीकडच्या ग्रीसमध्ये ‘ने’ म्हणजे ‘होय’. कोरियनमध्येही ‘ने’ म्हणजे ‘होय’. जवळपास सगळ्या युरोपात ‘न’ने सुरू होणारा आखूड शब्द नकाराचा असल्यामुळे ग्रीकांचा होकार परक्याला नकारासारखा ऐकू येतो. येथे शब्द पाठ करून भागत नाही. सुरुवातीला दरवेळी थांबून वाक्याचा पुढचा भाग ऐकण्याची सवयच लावावी लागते. भाषांतर करणारी संगणकीय साधनेही येथेच अडखळतात: नुसते ‘ना’ दिले, तर भाषा कोणती हेच ओळखण्याइतकी माहिती त्या एका अक्षरात नसते. चार शब्दांचे वाक्य दिले, तर तेच साधन बहुधा बरोबर उत्तर देते.

राहता राहिला कोशाचा प्रश्न, म्हणजे मराठीतले हे सगळे ‘ना’ एक शब्द मानायचे की अनेक. माझे मत असे आहे की, नकार, खात्री, विनवणी आणि लक्ष वेधणे हे चारही अर्थ एकाच नोंदीत द्यावेत, आणि याच क्रमाने द्यावेत. नकारातून प्रश्न निघणे ही जगभर दिसणारी वाट आहे: पोर्तुगीज ‘ने’ असाच घडला, आणि मँडरिनमध्ये वाक्याला प्रश्नार्थक करणारा ‘मा’ एका जुन्या नकारापासून आला असे अभ्यासक सांगतात. ‘येशील, ना?’ हे मुळात ‘येशील की नाही?’ असे विचारणे. त्या विचारण्यातला आर्जवी सूर टिकला आणि प्रश्न मागे पडला की ‘ये ना’ उरते, आणि ऐकणाऱ्याला सोबत घेण्याची तीच गरज पुढे ‘मी ना’मध्ये दिसते. ‘येईना’मधला ‘ना’ क्रियापदाचा भाग झाला असल्यामुळे त्याला प्रत्ययाची वेगळी नोंद द्यावी आणि पहिल्या नोंदीकडे बोट दाखवावे. संस्कृत ‘ना’, म्हणजे पुरुष, याची नोंद अर्थातच पूर्णपणे वेगळी. खरी कठीण नोंद ‘येईना का’ किंवा ‘कोणी का असेना’ या रचनेची आहे, कारण तेथे रूप नकाराचे आणि अर्थ ‘येऊ दे, असू दे’ असा मुभा देण्याचा आहे. ती प्रत्ययाच्या नोंदीतच, पण ‘का’सह आणि पूर्ण वाक्याच्या उदाहरणासह द्यावी, कारण ‘का’ काढला की तो अर्थही जातो.